दोन भोकांचं नाणं

मिस्त्रींकडे सोन्याची जुनी नाणी किती होती, असं लोक मला अजूनही विचारतात. मी त्यांचा मित्र होतो, अशी या लोकांची समजूत आहे. मित्र वगैरे मी नव्हतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते पॅटर्न शॉपला, म्हणजे साच्यांचे नमुने घडवणाऱ्या खात्यात होते, मी स्टोअरला होतो, आणि दोघं राहायला एकाच गल्लीत होतो. एवढ्या भांडवलावर एक माणूस दुसऱ्याच्या मानगुटीवर किती वर्षं बसू शकतो, ते मला विचारा. सकाळी कंपनीच्या बसमध्ये ते रुमाल टाकून माझी जागा धरायचे. मी टेकलो रे टेकलो, की पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत दीड हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी बादशहाचं नाक माझ्या कानात घालायचे. मी डोळे मिटून 'हं, हं' करत असे. त्यांना तेवढं पुरायचं.

तर उत्तर असं, की नाणं एकच होतं. बाकी सगळ्या काड्यापेट्या.

फौंड्रीत पगार घेणाऱ्या माणसाला सोन्याची जुनी नाणी परवडत नाहीत, हे मिस्त्रींना कळत होतं. पण हौस काही पगार बघून लागत नाही. सुट्टीच्या दिवशी ते गुजरीत जायचे. सराफांच्या त्या गल्लीमागे एका बोळात खानापूरकडचा एक गलाईवाला बसायचा, जुने दागिने गाळून सोन्याची लगड करून द्यायचा. त्याच्या भट्टीशेजारी मिस्त्रींचं स्टूल ठरलेलं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, कानावर पेन्सिल, हातात भिंग. मुशीत पडायच्या आधी प्रत्येक दागिना ते हातात घेऊन बघायचे. त्यात एखादं नाणं निघालं, की 'थांबा की वाईच' म्हणून पॅटर्न शॉपमधून आणलेल्या मेणावर ते दाबायचे. दोन्ही बाजूंचा ठसा घ्यायचा आणि नाणं परत करायचं. मग ते मुशीत जायचं. ठशावरून घरी प्लास्टरचं नाणं व्हायचं, आणि ते एका काड्यापेटीत, चिठ्ठीसकट. कुणाचं, कुठल्या गावचं, किती वजनाचं, कुठल्या दिवशी गाळलं. अशा काड्यापेट्या त्यांच्या माडीवर भिंतभर होत्या. घरात काडी ओढायची वेळ आली, की त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्या बायकोकडे पेटी मागायला यायच्या.

"गाळलं की सगळं एकच," हे मिस्त्रींचं वाक्य. "मालकाचं आसू दे न्हाईतर भिकाऱ्याचं. एकदा पाणी झालं की कुठलं तोंड आन् कुठलं नाव."

गलाईवाला बिचारा सोशिक होता. "मिस्त्री, झालं का बघून? जाळ वाया चाललाय," एवढंच म्हणायचा. सराफ मात्र यांना बघितलं की तोंड फिरवायचे. कारण यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. पुतळ्यांची माळ घेऊन आलेल्या बाईला हे न विचारता सांगायचे, की पुतळी मूळची आपली नव्हे, दर्यापारच्या व्हेनिस नावाच्या गावचं ते नाणं, आणि तिच्यावर आपण ज्याला राम म्हणतो तो राम नाही, तो तिथला सरदार त्यांच्या साधूपुढे गुडघे टेकून बसलाय. एकदा मी सोबत होतो. गांधीनगरकडून आलेल्या एका म्हातारीने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुज्या बानं बगितलाय व्हय रं राम?" सगळं दुकान हसलं. मिस्त्रीही हसले, पण पुढच्या बाईला तेच सांगितलं.

खरं सांगण्याची ही खोड त्यांना चांगलीच महागात पडली होती. आमच्या फौंड्रीत खंडेनवमीला मोठी पूजा असायची. भट्टीला हार, लेथला हार, मालक सहकुटुंब हजर. एका वर्षी मालक मुंबईहून सोन्याचं एक नाणं घेऊन आले. रोमचं आहे म्हणे, पूजेत ठेवू या. ठेवलं. प्रसाद वाटून झाल्यावर मालकांनी हौसेनं मिस्त्रींना बोलावलं. "या, तुमचा विषय. बघा."

आम्ही सगळे बघत होतो. मिस्त्रींनी नाणं नखावर उभं केलं, कडेवरून भिंग फिरवलं. खिशातून पट्टी काढून मापलं. मी मनात म्हणत होतो, छान आहे म्हणा आणि गप बसा. मिस्त्रींची पुढची बढती त्याच महिन्यात होती.

"मालक, सोनं खरं हाय," मिस्त्री म्हणाले. "पन नाणं ओतीव हाय. ह्ये ठोकल्यालं न्हवं. खऱ्याचा साचा काढलाय, त्यात वतलंय. धातू थंड झाला की आकसतो, म्हनून खऱ्यापेक्षा ह्ये बारकं भरतंय. आन् ह्यो बघा, कडेला जोड कानशीनं घासलाय. आपल्या पोरांनी घासला असता तर आपन रिजेक्ट केला असता."

मालकांच्या मिसेसनी दुसरीकडे बघितलं. मालक म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." बढती दुसऱ्याला मिळाली. बसमध्ये मी चिडून म्हणालो, "तुम्हाला काय गरज होती?" तर ते म्हणाले, "त्यांनी बघा म्हनलं की."

त्यांचं ते एकमेव खरं नाणं असंच खरं बोलण्यातून आलं. गारगोटीकडच्या एका बाईला मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी पुतळ्यांची माळ गाळायची होती. माळेत पुतळ्यांमध्ये एक वेगळंच नाणं ओवलेलं. जरा जाड, अक्षरं झिजलेली. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला, खांद्यावर भाला टाकलेला राजा, दुसऱ्या बाजूला पंखवाला देवदूत हातात लांब क्रूस घेऊन उभा. कॉन्स्टँटिनोपलच्या बादशाहीतलं. राजाच्या डोक्यावर, एकमेकाला लागून, दोन भोकं.

मिस्त्रींनी ते मुठीत धरून ठेवलं असं गलाईवाल्याने मला नंतर सांगितलं. दुसरा कुणी असता तर वजनाचे पैसे देऊन गप खिशात टाकलं असतं. मिस्त्री त्या बाईला म्हणाले, "बाई, ह्ये गाळू नका. ह्येची किंमत सोन्यापरीस जास्त हाय."

"पावणं, माझ्या पोराची फी भरायची हाय. तुमी कशाला मधी आडवं येताय?" म्हणत ती बाई माळ घेऊन निघून गेली. आठ दिवस चार सराफ फिरली. कुणी वजनापलीकडे एक पैसा वर देईना. तेव्हा परत आली आणि मिस्त्रींना म्हणाली, "तुमीच म्हनला न्हवं जास्त हाय म्हनून? मग द्या की जास्त." आता आली का पंचाईत! मिस्त्रींनी स्वतःच्या लग्नातली अंगठी दिली, चेन दिली, आणि घरी जाऊन वहिनींच्या हातातली एक पाटली मागून आणली.

वहिनी निपाणीकडच्या. बोलणं तोंडावर, मन मात्र फार मोकळं. पाटली काढून देताना त्यांनी एवढंच विचारलं म्हणे, "दुसरी पण लागंल काय?" लागली नाही. पुढे बरीच वर्षं त्या एका हातात पाटली घालून वावरल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "एक राजाला दिली." मग लोकांच्या विचारण्याचा वैताग येऊन तीही मोडली आणि कानातलं केलं.

नाणं घरात आलं आणि माझे हाल सुरू झाले. आता बसमध्ये बादशहाचं नाक गेलं, भोकं आली.

"भोकं बघा," मिस्त्री म्हणायचे. "राजाच्या बरूबर डोक्यावर हायत. म्हंजे गळ्यात घातल्यावर राजा सरळ ऱ्हावा, ह्ये पाडनाऱ्याला कळत हुतं. आन् भोकांची वरची कड बघा. दोऱ्यानं झिजलीया. सोनं दोऱ्यानं झिजायचं म्हंजे किती वर्सं लागत्यात, सांगा. एक बाई न्हवं. आई, लेक, नात. ह्ये नाणं हितं आल्यावर कुनी तिजोरीत ठेवलं न्हाई, अंगावर घातलंय. नाणं राजाचं, पन भोकं आपली हायत."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही ते आवडलं होतं. शंभराव्यांदा नाही. माझ्या मागे तेव्हा स्टॉकचा घोळ, आईचं आजारपण, मालकांची कटकट. मी डोळे मिटून बसायचो.

मिस्त्रींना त्या नाण्यातून एकच गोष्ट हवी होती. विकायचं नव्हतं, मिरवायचं नव्हतं. या विषयावर पुस्तकं निघतात, त्यांत कुठली नाणी कुठे सापडली याची यादी असते. त्या यादीत एक ओळ यावी, की असं नाणं, दोन भोकांचं, गारगोटी भागात मिळालं. तेवढी ओळ छापून आली, की मग नाणं हरवलं तरी चालेल, गाळलं तरी चालेल. "वळ कुनाला गाळता येत न्हाई," ते म्हणायचे. त्यासाठी त्यांना इंग्रजीतून पत्रं पाठवायची होती, आणि गल्लीत इंग्रजी येणारा गाढव मीच होतो. किती पत्रं लिहिली देव जाणे. संग्रहालयांना, प्राध्यापकांना, परदेशातल्या कुठल्या कुठल्या मंडळांना. उत्तर यायचं नाही. आलंच तर 'आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत' असं.

आणि मग मिस्त्री निवृत्तीला आले त्या वर्षी पुण्याहून एक पत्र आलं. एक बाई याच विषयावर संशोधन करत होत्या, दख्खनमध्ये सापडलेल्या अशा नाण्यांची यादी तयार करत होत्या. त्यांनी लिहिलं होतं, की पाठवलेले फोटो पाहिले, भोकांच्या जागा आणि त्यांची झीज विशेष महत्त्वाची वाटते, पुढच्या महिन्यात स्वतः येऊन नाणं बघेन, खात्री पटली तर यादीत घेईन. आणि शेवटी, तोवर कृपा करून नाणं कुणाकडून साफ किंवा दुरुस्त करून घेऊ नये, आहे तसंच ठेवावं.

हे पत्र मीच त्यांना माझ्या ओट्यावर बसून मराठीत सांगितलं. शेवटची ओळसुद्धा. मिस्त्री हसले. म्हणाले, "नाण्याला हात लावतंय कोन?" मग चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ घातलाच नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी वहिनी मला दारात भेटल्या. त्या दिवशी बस चुकली म्हणून मी स्कूटरने कामावर गेलो होतो, दमून आलो होतो, स्कूटरवरून उतरलोही नव्हतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? ह्यांच्या रिटायरला मी काहीतरी द्यावं म्हनते. ते राजाचं देव्हाऱ्यात असतंय, मी रोज फूल वाहते. पन भोकं पडल्याली वस्तू पूजेत चालत न्हाई म्हनत्यात. गुजरीत एकजन हाय, लई सफाईदार काम करतोय. भोकं बुजवून, उजाळा देऊन घ्यावं काय? त्याच दिवशी, ह्ये कामावर गेल्यावर, करून आनीन. ह्यांना सांगू नका, मला अचानक द्यायचंय."

मी ऐकलं. शब्द सगळे कानावर पडले. पण 'भोकं' हा शब्द आला, की माझं डोकं आपोआप बंद व्हायचं, इतक्या वर्षांची सवय. मी म्हणालो, "घ्या की वहिनी. बरं होईल." आणि स्कूटर आत घेतली.

एवढंच घडलं. यात लबाडी नव्हती, द्वेष नव्हता. मी दमलेला होतो. ही सबब मी स्वतःला अनेकदा सांगून बघितली आहे, ती काही टिकत नाही.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीत शाल, श्रीफळ झालं आणि आम्ही पाच-सहाजण त्यांना घरी सोडायला आलो. वहिनींनी सगळ्यांना बसवलं, बासुंदी दिली आणि लाल मखमलीची डबी मिस्त्रींच्या हातात ठेवली. "उघडा की."

त्यांनी उघडली. मी शेजारीच होतो. नाणं लखलखत होतं. भोकं कुठे होती ते शोधूनही सापडलं नसतं, असं काम केलं होतं कारागिराने. एवढ्यावर तो थांबला नव्हता. आपल्याकडचा कारागीर तो, अर्धं काम करून देणं त्याच्या रक्तात नाही. झिजलेली अक्षरं त्याने कोरून उठावदार केली होती, आणि राजाचे पुसट झालेले डोळे नव्याने काढून दिले होते. रोज देवीचे मुखवटे घडवणारा हात तो. राजा देवीच्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत होता.

"माझ्या कानातल्यातला एक मणी मोडला भोकांसाठी," वहिनी म्हणाल्या. "म्हनलं, दुसरं सोनं नको. कसं झालंय?"

मिस्त्रींनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं. मला वाटलं, आता हे सांगणार. मालकांना सांगितलं, त्या म्हातारीला सांगितलं, आयुष्यभर ज्याला त्याला सांगितलं. वहिनी हातातलं भांडं तसंच धरून उभ्या होत्या.

"ब्येस झालंय," मिस्त्री म्हणाले. "लई ब्येस."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. मी कागद घेऊन बसलो. "त्या बाईस्नी लिवा," ते म्हणाले, "नाणं आता बघन्यासारखं ऱ्हायलं न्हाई. यायचा तरास घेऊ नका."

मी म्हणालो, "मिस्त्री, येऊ दे की त्यांना. फोटो आहेत, तुमच्याकडे मूळचा ठसा आहे काड्यापेटीत."

"ठशाला कोन इचारतंय? मी पॅटर्नमेकर हाय. म्हनशीला तसला ठसा मी बनवून देतो, ह्ये त्या बाईस्नी कळत न्हाई व्हय? मी त्यांच्या जागी असतो तर मीबी घेतलं नसतं." मग म्हणाले, "आन् ती बाई आली म्हंजे घरात बसनार. नाणं हातात घेनार, आन् हिच्यासमोर सांगनार काय झालं त्ये. मग हिला कळंल. त्यापरीस न्हाई आल्याली बरी."

मी पत्र लिहिलं. त्यांनी खाली सही केली. त्या वेळी सांगता आलं असतं, की वहिनींनी आधी मला विचारलं होतं, पत्र वाचलेल्या माणसाला विचारलं होतं. मी पाकीट चिकटवलं आणि त्यांनी ते टपालपेटीत टाकायला नेलं.

यादी छापली गेली, असं पुढे कधीतरी कळलं. त्यात गारगोटीची ओळ नव्हती.

मिस्त्री त्यानंतर पाच वर्षं होते. गुजरीत जाणं कमी झालं, गलाईवाल्याचं स्टूल दुसरंच कोणी वापरू लागलं. संध्याकाळी मात्र रोज माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. मी बोलायचो, कारण मला आता गप्प बसवत नव्हतं. दोन माणसांत कोणाला तरी बोलावं लागतं. ते ऐकायचे. मी पालिकेला शिव्या द्यायचो, ते 'व्हय' म्हणायचे. नाण्याबद्दल त्यांनी माझ्यापाशी परत एक शब्द काढला नाही. वहिनींनी त्या नाण्याला कडी लावून घेतली होती. कुठे लग्नाकार्याला निघाल्या की ते त्यांच्या गळ्यात असायचं, आणि मिस्त्री दारात उभे राहून ते सरळ आहे का बघायचे.

ते गेल्यावर दिवस वगैरे झाले, आणि मी वहिनींना भेटायला गेलो. माडीवरच्या काड्यापेट्यांचं काय करायचं ते ठरवायचं होतं. वहिनींनी चहा केला. काड्यापेट्यांचा विषय झाला. मग त्या एकदम म्हणाल्या, "भाऊजी, मला त्याच दिवशी कळलं हुतं."

"काय?"

"मी चुकीचं केलं म्हनून. ब्येस झालंय म्हनाले, आन् भिंग खिशात ठेवलं. परत एकदा पन काढून बघितलं न्हाई. रोज बघनारा मानूस. मला कळायचं न्हाई व्हय?"

मी कप खाली ठेवला.

"त्यांनी मला एकदाच इचारलं. कुनाला इचारून केलंस का, म्हनून. मी म्हनलं, कुनाला इचारू? माझ्याच मनानं केलं."

सांगून त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुमचं नाव घेतलं असतं तर ते तुमच्याकडं यायचं थांबले असते," वहिनी म्हणाल्या. "मग बोलायला कुठं गेले असते? त्यांचं सगळं ऐकून घेनारं तुमच्याबगार कोन हुतं?"

मी मान खाली घातली. आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. त्यांनी माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला आणि साखर बरोबर आहे का विचारलं.